पसंतीचे मत नागरिकालाही हवे

लालबहादूर शास्त्री मार्गावरून मुलुंड चेक नाका ओलांडला की ठाणे लागते. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, जुलै २०१७ पासून जकातही नाही. तरीही १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महानगरपालिकांसाठी एकाच दिवशी मतदान झाले, तेव्हा या नाक्याच्या दोन अंगांना दोन निराळ्या रीतींनी निवडणूक चालली होती. मुलुंडच्या मतदाराने एक बटण दाबले आणि तो केंद्राबाहेर पडला. ठाण्याच्या मतदारापुढे अ, ब, क, ड अशा चार जागा होत्या. पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी अशा चार रंगांच्या मतपत्रिका यंत्रांवर लावलेल्या होत्या, आणि चारही मते दिल्याशिवाय त्याचे मतदान पूर्ण होत नव्हते.

हा फरक कायद्याचा आहे. मुंबईची निवडणूक १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार होते आणि तिथे एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. ठाणे, पुणे, नाशिक वगैरे बाकीच्या शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे आणि तिथे सध्या साधारण चार सदस्यांचा प्रभाग आहे. लोक त्याला 'पॅनेल' म्हणतात.

पॅनेल पद्धतीत चार नगरसेवक असल्यामुळे प्रभागातल्या चार प्रकारच्या लोकांना आपला माणूस मिळत असेल, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो खरा नाही. चार जागांची गणती वेगवेगळी होते आणि प्रत्येक जागेवर ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. ज्या पक्षाचा प्रभागात जोर आहे, त्याचे समर्थक चारही जागांवर त्याचेच बटण दाबतात आणि बहुतेक वेळा चारही जागा त्याच पक्षाकडे जातात. प्रभागातली चाळीस टक्के मते एका पक्षाकडे गेली आणि उरलेली साठ टक्के तीन-चार पक्षांत विखुरली, तर त्या साठ टक्क्यांच्या पदरी काहीच पडत नाही. एकसदस्यीय प्रभागात मतदाराचे एक मत वाया जाते, पॅनेलमध्ये चार.

शिवाय ही पद्धत स्थिर राहिलेली नाही. मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. त्यानंतर आधी एकाचा, मग तिघांचा प्रभाग करण्याचे निर्णय झाले आणि अखेर पुन्हा चौघांवर गाडी आली. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती, पण प्रभाग किती सदस्यांचा असावा हे प्रत्येकाने आपल्या सोयीने ठरवले. एवढ्या उलथापालथीत एका प्रश्नाला कोणी हात घातला नाही: मते मोजायची कशी?

मुलुंडकडे पाहू. मुलुंड म्हणजे पालिकेचा टी विभाग, प्रभाग १०३ ते १०८. २०१७ मध्ये या सहाही प्रभागांत भारतीय जनता पक्षाचे नगरसेवक निवडून आले आणि २०२६ मध्येही सहाही जागा त्याच पक्षाकडे राहिल्या. विजय नियमाने मिळालेला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मुंबईच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या पक्षांचे असेच बालेकिल्ले आहेत. पण मुलुंडमध्ये शिवसेनेच्या दोन्ही गटांना, मनसेला, काँग्रेसला आणि अपक्षांना मत देणारी माणसे राहतात. पूर्वेला राहतात, पश्चिमेला राहतात, मालमत्ता कर भरतात. पालिकेच्या सभागृहात मुलुंडच्या नावाने बोलणाऱ्यांत त्यांच्या मताचा कोणी नाही. प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीपासून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यापर्यंतचे मुलुंडचे मोठे प्रश्न असे आहेत की त्यांवर सत्ताधाऱ्यांना अडचणीचा प्रश्न विचारणारा एक तरी नगरसेवक मुलुंडचाच असायला हवा. कोणत्या पक्षाचा, हे गौण आहे.

संपूर्ण मुंबईचे २०२६ चे चित्र इतके एकतर्फी नाही, हेही नोंदवले पाहिजे. २२७ पैकी भाजप ८९, शिवसेना (ठाकरे) ६५, शिवसेना (शिंदे) २९, काँग्रेस २४, एमआयएम ८, मनसे ६ आणि बाकीच्यांच्या ६ जागा आहेत. वेगवेगळ्या वस्त्यांतले बालेकिल्ले एकमेकांची भरपाई करतात, म्हणून शहराची बेरीज बरी दिसते. विभागाच्या पातळीवर मात्र तीच बेरीज नागरिकाला काही देत नाही, कारण गटार तुंबले की माणूस आपल्या नगरसेवकाकडे जातो, शहराच्या संख्याबळाकडे नाही.

एका मतावर सगळे सोडल्याने काय होते, याचे टोकाचे उदाहरण २०१७ मध्ये दक्षिण मुंबईतल्या प्रभाग २२० मध्ये दिसले. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांनाही ५,९४६ मते पडली. अखेर चिठ्ठी टाकली गेली आणि शहा नगरसेवक झाले. त्या प्रभागात अन्य उमेदवारांना मते देणारे मतदारही होते. या दोघांपैकी कोण बरा, याबद्दल त्यांचे काही मत असणारच. ते विचारण्याची सोय आपल्या मतपत्रिकेवर नाही, म्हणून निर्णय नशिबावर गेला.

ही सोय जगात आहे आणि ती मोठ्या शहरांत चालते. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहराची गोष्ट आपल्याला विशेष उपयोगाची आहे. तिथे २००३ पर्यंत मुंबईसारखेच एकसदस्यीय प्रभाग होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत लेबर पक्षाला निम्म्याहून कमी मते मिळाली आणि जागा मिळाल्या ७९ पैकी ७१. बाकीच्या सगळ्या पक्षांना मिळून आठ. विरोधी पक्ष नावालाच उरला होता आणि हे वर्षानुवर्षे चालले होते. मग २००४ मध्ये स्कॉटिश संसदेने स्थानिक शासनाचा कायदा बदलला. प्रभाग तीन किंवा चार सदस्यांचे झाले आणि मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे ठरले. मे २००७ मध्ये नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. त्याच ग्लासगोत लेबरला ७९ पैकी ४५ जागा मिळाल्या, स्कॉटिश नॅशनल पार्टी ३ वरून २२ वर गेली, ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांना प्रत्येकी ५ मिळाल्या. लेबरचे बहुमत टिकले, पण सभागृहात समोरच्या बाकांवर माणसे आली. २०२२ मध्ये तिथे ८५ जागांपैकी नॅशनल पार्टी ३७, लेबर ३६, ग्रीन १० आणि काँझर्व्हेटिव्ह २ अशी विभागणी झाली.

ज्या पक्षाला जुन्या पद्धतीचा सर्वाधिक फायदा होत होता, त्याच लेबर पक्षाच्या सरकारने हा कायदा केला. स्कॉटलंडचे ते सरकार लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट यांच्या युतीचे होते. २००३ मध्ये युती पुन्हा जुळवताना लहान भागीदाराने स्थानिक निवडणुकांत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची अट घातली आणि ती पाळून घेतली. आपल्याकडेही युती आणि आघाडीचीच सरकारे येतात. जागावाटप, खाती, महामंडळे यांवर रात्र रात्र बैठका होतात. मतपद्धतीची अट घालण्याचे कोणत्याही लहान भागीदाराला आजवर सुचले नाही, ही खेदाची बाब आहे, कारण मोठ्या मित्राच्या सावलीत सगळ्यात जास्त आक्रसतात ते लहान पक्षच.

आकडे घालून मत द्यायचे म्हणजे फार अवघड प्रकरण, असे कोणाला वाटेल. महाराष्ट्राने ते टीव्हीसमोर बसून पाहिले आहे. १० जून २०२२ ची राज्यसभा निवडणूक आठवा. सहा जागा होत्या, सात उमेदवार होते आणि २८४ आमदारांची मते वैध ठरली. नियम असा की एकूण मतांना जागांपेक्षा एकाने मोठ्या संख्येने, म्हणजे सातने, भागायचे आणि जेमतेम पुढे जायचे. तो झाला कोटा, जवळपास ४०.६ मते. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते मिळाली. कोट्याच्या वरची मते त्यांच्या कामाची नव्हती, म्हणून ती त्या आमदारांच्या दुसऱ्या पसंतीकडे, धनंजय महाडिक यांच्याकडे, योग्य त्या अंशाने वळली. महाडिकांना पहिल्या पसंतीची २७ मते होती, शिवसेनेच्या संजय पवारांना ३३. पवारांकडेही इतरांची अतिरिक्त मते आली, पण ते ३९ च्या आसपासच थांबले आणि महाडिक ४१ च्या वर पोचले. पहाटेपर्यंत वाहिन्यांवर पत्रकार फळ्यावर ही गणिते मांडत होते आणि 'कोटा', 'दुसऱ्या पसंतीची मते' हे शब्द घराघरात पोचले.

तीच पद्धत, एकल संक्रमणीय मताची, स्कॉटलंडमधल्या सामान्य नागरिकाच्या हातात आहे. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी: कोणीच कोट्यापर्यंत पोचत नसेल तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते मतदारांनी लिहिलेल्या पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे लहान पक्षाला किंवा चांगल्या अपक्षाला दिलेले मत कुजत नाही. 'अमक्याने मते खाल्ली' हे आपल्या निवडणूक विश्लेषणातले कायमचे वाक्य तिथे फारसे लागू पडत नाही.

मुलुंडच्या पदवीधरांना तर आकडे घालायची सवयही आहे. जून २०२४ मध्ये विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघासाठी त्यांनी केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने उमेदवारांपुढे १, २, ३ लिहिले होते. तिथे जागा एकच असल्यामुळे प्रमाणाचा प्रश्न येत नाही, पण मत देण्याची कृती हीच आहे. आमदाराला पसंतीक्रम लिहिता येतो, पदवीधराला येतो, शिक्षकाला येतो. नगरसेवक निवडताना मात्र तोच नागरिक एका बटणावर येतो. निकालानंतर पालिकेच्या समित्या तौलनिक संख्याबळानुसार भरल्या जातात, म्हणजे प्रमाणाचे तत्त्व कायद्याला मान्य आहे. ते मतदारापर्यंत पोचत नाही एवढेच.

आता मुलुंडसाठी एक हिशेब मांडू. सहा एकसदस्यीय प्रभागांऐवजी तीन-तीन सदस्यांचे दोन प्रभाग केले, आणि समजा एका प्रभागात ६०,००० मते पडली. कोटा येईल ६०,००० भागिले ४ अधिक १, म्हणजे १५,००१. एका पक्षाच्या उमेदवारांना मिळून ३३,००० मते, दुसऱ्याच्या १६,५००, तिसऱ्याच्या ७,००० आणि अपक्षांना ३,५००. आजच्या पद्धतीत पहिल्या पक्षाची मते प्रभागभर सारखी पसरलेली असतील तर तिन्ही जागा त्याच्या. पसंतीक्रमात त्याला दोन आणि दुसऱ्या पक्षाला एक. ज्याला जास्त पाठिंबा त्याला जास्त जागा, हे सूत्र तसेच राहते. एवढेच की चौथा हिस्सा मते मिळवणारा पक्ष रिकाम्या हाताने घरी जात नाही. आणि नागरिकाला दार ठोठावायला तीन माणसे मिळतात, बहुधा दोन पक्षांची. एकाने दाद दिली नाही तर दुसऱ्याकडे जाता येते.

बिनविरोध निवडीचा मुद्दाही इथे येतो. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीसह अनेक ठिकाणी मिळून साठाहून अधिक नगरसेवक मतदानाआधीच बिनविरोध ठरले आणि राज्य निवडणूक आयोगाला चौकशीचे आदेश द्यावे लागले. पॅनेलमध्ये अ, ब, क, ड जागा सुट्या असतात, म्हणून एका जागेवरच्या दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली की काम होते. चारही जागांची स्पर्धा एकच असेल तर प्रभागातल्या सगळ्याच विरोधकांना बाजूला करावे लागेल आणि ते फार कठीण आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ मध्ये ६१ प्रभागांत लढतच झाली नव्हती. २००७ मध्ये असा एकही प्रभाग उरला नाही. पुढे २०२२ मध्ये काही मोजके प्रभाग पुन्हा बिनविरोध झाले, हे खरे, पण जुनी स्थिती परतली नाही.

या पद्धतीविरुद्ध सर्वांत वजनदार युक्तिवाद आपल्याच घटना समितीत झाला आहे. ४ जानेवारी १९४९ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारताना दोन कारणे दिली: देशातली साक्षरता इतकी कमी आहे की मतदाराला हे झेपणार नाही, आणि कायदेमंडळाचे तुकडे पडून सरकार अस्थिर होईल. त्या वेळी दोन्ही कारणे रास्त होती. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास भरली. आज मुंबईत ती अडचण राहिलेली नाही. दुसरे कारण संसदेला लागू होते, महापालिकेला तितके नाही. पालिकेचा कारभार आयुक्त चालवतात आणि नगरसेवकांचे बहुमत फिरले म्हणून ते पायउतार होत नाहीत. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जवळपास चार वर्षे मुंबई नगरसेवकांविना प्रशासकाच्या हाती होती, याहून मोठा पुरावा कोणता? बाबासाहेबांनी स्वतः १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि एकत्रित मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा सुचवली होती. एकसदस्यीय मतदारसंघ हा त्यांचा शेवटचा शब्द नव्हता.

अडचणी आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. स्कॉटलंडमधल्याच एडिनबरो शहराच्या ६३ सदस्यांच्या सभागृहात २०२२ मध्ये नॅशनल पार्टीला सर्वाधिक १९ जागा मिळाल्या, पण कारभार १३ जागांच्या लेबरने इतरांच्या पाठिंब्यावर हाती घेतला. सर्वांत मोठा पक्ष बाहेर राहिला, हे अनेकांना रुचले नाही. निकालानंतरच्या वाटाघाटी या पद्धतीत वाढतात. तिथल्या मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या वर्णक्रमाने असतात आणि एकाच पक्षाच्या दोघांपैकी वर नाव असलेल्याला त्याचा फायदा होतो, असेही दिसून आले आहे. मतदानाचा टक्काही या पद्धतीने आपोआप वाढत नाही: २०२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये सुमारे ४५ टक्के मतदान झाले, मुंबईत २०२६ मध्ये जवळपास ५३ टक्के. मतपत्रिका बाद होण्याचे प्रमाण मात्र तिथे दोन टक्क्यांहून कमी राहिले आहे.

आपल्याकडची खरी गाठ आरक्षणाची आहे. मुंबईत २२७ पैकी ११४ जागा महिलांसाठी आहेत, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या जागा. आज सोडतीत प्रभाग आरक्षित होतो आणि पाच वर्षे काम केलेल्या नगरसेवकाला दुसरीकडे जावे लागते. बहुसदस्यीय प्रभागात आरक्षण मोजणीतच सांभाळता येते. उदाहरणार्थ, चार जागांपैकी दोन महिलांच्या असतील तर उमेदवार बाद करताना तेवढ्या महिला शिल्लक राहतील अशी काळजी घ्यायची आणि मगच पुढच्या फेरीला जायचे. नियम काळजीपूर्वक लिहावा लागेल, पण तो लिहिता येण्याजोगा आहे. आजच्या मतदान यंत्रात पसंतीक्रम नोंदवता येत नाही, ही दुसरी गाठ. स्कॉटलंडमध्ये कागदी मतपत्रिका यंत्राने वाचून संगणकावर मोजतात आणि कागद पडताळणीसाठी शिल्लक राहतो. मतदान यंत्रांवर ज्यांचा विश्वास आहे आणि ज्यांचा नाही, अशा दोघांनाही ही व्यवस्था मान्य व्हायला हरकत नसावी.

मुलुंडहून शिकायला गेलेली मुले आज एडिनबरो-ग्लासगोत आहेत. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांना स्थानिक निवडणुकीत मत देता येते. मे २०२७ मध्ये तिथे पुन्हा निवडणूक आहे. परक्या शहरात जो अधिकार त्यांना मिळतो तो जन्मगावी मिळू नये, हे आम्हाला पटत नाही.

यासाठी घटना बदलावी लागत नाही. अनुच्छेद २४३-आर नगरसेवक प्रभागांतून थेट निवडले जावेत एवढेच सांगतो, आणि २४३-झेडए निवडणुकीच्या बाकी तरतुदी करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला देतो. ज्या सभागृहातले आमदार स्वतः पसंतीक्रमाने राज्यसभेचे सदस्य निवडतात, त्याच सभागृहाला दोन अधिनियमांत दुरुस्ती करायची आहे. मुंबई महापालिकेची पुढची निवडणूक २०३१ मध्ये अपेक्षित आहे. प्रभागरचनेचा नवा मसुदा निघाल्यावर हरकती नोंदवण्यात अर्थ नसतो, तेव्हा पद्धत ठरून गेलेली असते. म्हणून मुलुंडच्या आणि नाक्यापलीकडच्या ठाण्याच्याही मतदारांना आमची विनंती आहे: आपल्या आमदाराला आत्ताच विचारा की तुम्हाला मिळालेला पसंतीक्रमाचा अधिकार आम्हाला देण्याचे विधेयक तुम्ही मांडणार का, आणि त्याचे उत्तर लेखी घ्या.